छोट्या गावांची बेरीज : फ्रान्समधल्या कम्यून-विलीनीकरणाचा आढावा

व्हर्दूनच्या लढाईत, १९१६ साली, म्यूझ नदीच्या उजव्या-डाव्या काठावरच्या टेकड्यांवरची नऊ गावं तोफांच्या माऱ्याने मातीत मिसळली. युद्ध संपलं तेव्हा तिथली जमीन न फुटलेल्या गोळ्यांनी आणि विषारी वायूच्या अवशेषांनी भरलेली होती. शेती अशक्य, घरं बांधणं अशक्य. तरीही फ्रान्सने त्या गावांची नावं दप्तरातून खोडली नाहीत. त्यातली सहा गावं, म्हणजे बोमाँ, बेझाँव्हो, क्युमिएर, फ्लरी, ओमाँ आणि लूव्हमाँ, आजही कायद्याने स्वतंत्र कम्यून आहेत. तिथे कुणी राहत नाही, त्यामुळे मतदारही नाही आणि निवडणूकही नाही. सरकारने जिल्ह्यावर नेमलेला अधिकारी, ज्याला तिथे प्रीफे म्हणतात, तो तीन जणांची समिती नेमतो आणि समितीचा अध्यक्ष मेअरचं काम बघतो.

त्याच टेकडीवरच्या दुओमाँ गावाची गोष्ट वेगळी झाली. जिथे १ लाख ३० हजारांच्या आसपास अनोळखी सैनिकांच्या अस्थी ठेवल्या आहेत ते प्रसिद्ध स्मारक याच गावाच्या हद्दीतलं. युद्धानंतर इथे थोडीफार वस्ती परतली, मोजकी माणसं राहिली. १ जानेवारी २०१९ रोजी दुओमाँ शेजारच्या व्हो-देव्हाँ-दाँलू या गावात विलीन झालं आणि नव्या कम्यूनचं नाव ठेवलं गेलं दुओमाँ-व्हो. व्हो हेही त्याच लढाईत उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधलेलं गाव.

ज्या गावांत कुणीच नाही ती स्वतंत्र राहिली आणि जिथे चार माणसं होती ते विलीन झालं, हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं. पण फ्रान्समधला विलीनीकरणाचा सगळा प्रश्न यात आहे. गावाचं नाव, स्मृती आणि हद्द राखणं ही एक गोष्ट. गावाचा कारभार चालवायला जिवंत माणसं, पैसा आणि वेळ मिळणं ही दुसरी. मेलेल्या गावांना पहिली गोष्ट पुरते. जिवंत गावांना दोन्ही लागतात, आणि गेल्या पन्नास वर्षांत फ्रान्समध्ये जे वाद झाले ते दोन्ही एकदम कसं मिळवायचं याचेच.

कम्यून म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशा आपल्या पायऱ्या तिथे नाहीत. चाळीस माणसांचं डोंगरी खेडंही कम्यून आणि मार्सेसारखं बंदराचं शहरही कम्यून. दोन्हींना मेअर असतो, निवडून आलेली परिषद असते आणि 'मेअरी' नावाची कचेरी असते. जन्म, मृत्यू आणि लग्नाची नोंद तिथे होते. लग्न तर मेअर स्वतः तिरंगी पट्टा खांद्यावरून घेऊन लावतो. बांधकामाची परवानगी, प्राथमिक शाळेची इमारत, गावातले रस्ते, स्मशान, सुव्यवस्थेचे काही अधिकार, हे सगळं त्याच्याकडे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने, जुन्या धर्मग्रामांच्या, म्हणजे चर्चच्या हद्दींवर या कम्यून उभ्या राहिल्या. सुरुवातीला त्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर होती. ५ एप्रिल १८८४ च्या कायद्याने त्यांच्या कारभाराला आजचं रूप आलं. शंभर-दीडशे वर्षं ही रचना जवळपास तशीच टिकली, हे युरोपात फार कमी ठिकाणी घडलं.

टिकली म्हणून ती अडचणीची झाली. आज फ्रान्समधल्या निम्म्याहून अधिक कम्यूनमध्ये पाचशेपेक्षा कमी लोक राहतात. शेती यंत्रावर गेली, तरुण शहरात गेले, गावातली बेकरी बंद पडली, पण मेअरी राहिली. पाच लाखांच्या आसपास लोकनियुक्त सदस्य ही यंत्रणा चालवतात आणि त्यातल्या बहुतेकांना मानधन जवळजवळ नसतंच. छोट्या गावातला मेअर हा शेतकरी किंवा निवृत्त शिक्षक असतो. कचेरी आठवड्यातून दोन-तीन दिवस काही तास उघडते. कारकुनीचा सगळा भार एका सचिवावर असतो, आणि तो किंवा ती बहुधा आजूबाजूच्या आणखी दोन-तीन गावांचं कामही बघते. बर्फ पडला की रस्त्यावर कुणाचा ट्रॅक्टर घालायचा, सभागृहाची किल्ली कुणाकडे, वीज गेली तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे कोण जाऊन येईल, हे सगळं परिषदेतली माणसं पगाराशिवाय करतात.

युरोपातल्या इतर काही देशांनी हा प्रश्न केव्हाच हुकमाने सोडवला. बेल्जियमने १ जानेवारी १९७७ रोजी २३५९ कम्यूनची ५९६ केली. स्वीडनने दोन टप्प्यांत सुमारे अडीच हजारांवरून २७८ वर आणली. डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ ची ९८ केली. फ्रान्सनेही प्रयत्न केला. १६ जुलै १९७१ चा कायदा तेव्हाचे गृहमंत्री रेमों मार्सेलँ यांच्या नावाने ओळखला जातो. प्रीफेंनी आपापल्या जिल्ह्याचे विलीनीकरणाचे आराखडे काढले, पैशाची प्रोत्साहनं जाहीर झाली, पण अंतिम निर्णय गावांच्या हाती राहिला. निकाल असा की ३७ हजारांच्या वर असलेली कम्यून ३६ हजारांच्या पुढेच अडकली, आणि जी विलीन झाली त्यातली कित्येक पुढच्या दशकांत पुन्हा वेगळी झाली. कागदावर आखलेली गावं गावकऱ्यांनी मनात घेतली नाहीत.

मार्सेलँ फसला याचं कारण फ्रान्समधले अभ्यासक आणि राजकारणी नेहमी 'गावकीचा अभिमान' असं देतात. मला ते अर्धवट वाटतं. अभिमान होताच. पण त्या कायद्याने गावाला दिलेल्या हमीत दम नव्हता. पैसा थोडा, मुदतीचा, आणि मेअर गेल्यानंतर गावाचं काम कोण बघणार याचं पक्कं उत्तर नाही. अशा सौद्याला शेतकऱ्यांच्या परिषदांनी नकार दिला तर त्याला हट्ट म्हणता येत नाही.

त्यानंतर तीस वर्षं सरकारने वेगळी वाट धरली. कम्यून तशीच ठेवायची आणि वर एक सामायिक छत्र उभारायचं. गावांचे समूह, 'कम्यूनोते द कम्यून', कचरा, पाणी, औद्योगिक वसाहत, पर्यटन अशी कामं सामायिक करतात आणि स्वतःचा कर लावतात. १९९९ च्या कायद्याने त्यांना बळ मिळालं. पुढे ७ ऑगस्ट २०१५ च्या कायद्याने समूहाला किमान १५ हजार लोकसंख्येची अट घातली, डोंगराळ आणि विरळ भागांना थोडी सूट ठेवून. समूहांची संख्या २ हजारांवरून जवळपास साडेबाराशेवर आली. अट वाढली तसे समूह अवाढव्य झाले. कुठे कुठे शंभराहून जास्त गावं एका टेबलाभोवती आली. दोनशे माणसांच्या गावाचा एकच प्रतिनिधी, शेजारी जिल्ह्याच्या शहराचे पंधरा-वीस. अशा सभेत छोट्या गावाने हात वर केला तरी कुणाला दिसत नाही.

विलीनीकरणाची दुसरी लाट इथून निघाली. १६ डिसेंबर २०१० च्या कायद्याने 'कम्यून नुव्हेल', म्हणजे नवी कम्यून, हा प्रकार आणला. पहिली काही वर्षं तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. पश्चिमेकडच्या आंजू प्रांतातलं बोझे-आँ-आंजू हे पहिल्यांपैकी एक, २०१३ मधलं. मग दोन गोष्टी एकदम झाल्या. केंद्राने २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत स्थानिक संस्थांना मिळणारं अनुदान ११ अब्ज युरोंनी कमी करायचं ठरवलं. आणि १६ मार्च २०१५ च्या कायद्याने, जो खासदार झाक पेलिसार यांच्या नावाने ओळखला जातो, नव्या कम्यूनना तीन वर्षं अनुदान कमी होणार नाही अशी हमी दिली. एक हजार ते दहा हजार लोकसंख्येच्या नव्या कम्यूनना वर ५ टक्के जादा. एकीकडे कपातीचा दांडा, दुसरीकडे हमीचा हात. १ जानेवारी २०१६ रोजी एका दिवसात ३१७ नव्या कम्यून अस्तित्वात आल्या आणि त्यांत १०९० जुनी गावं सामावली. देशातली एकूण संख्या ३६,६५८ वरून ३५,८८५ झाली. २०१९ च्या सुरुवातीला ती पहिल्यांदा ३५ हजारांच्या खाली, ३४,९७० वर गेली. त्यानंतर वेग ओसरला; १ जानेवारी २०२५ रोजी ३४,८७५ कम्यून होत्या.

हे आकडे साऱ्या देशावर सारखे पसरलेले नाहीत. पश्चिमेत, नॉर्मंडी आणि आंजूत, लाट जोरात आली. मेन-ए-ल्वार जिल्ह्यात साडेतीनशेहून अधिक कम्यून होत्या, त्या १८० च्या आत आल्या. दक्षिणेत आणि भूमध्य समुद्राच्या बाजूला जवळजवळ काहीच हललं नाही. पश्चिमेतली गावं छोटी, एकमेकांना खेटून आणि समूहात एकत्र काम करायला आधीपासून सरावलेली. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी जुना समूहच पूर्ण विलीन होऊन एक कम्यून झाला. मोठ्या समूहात ओढले जाण्याआधी आपणच आपलं वजन वाढवून घेऊ, असा हिशोब त्यात होता, आणि तो चुकीचा नव्हता.

नॉर्मंडीतल्या काल्व्हादोस जिल्ह्याकडे जवळून बघू. सफरचंदाच्या बागा, गाई, लाकडी चौकटीची घरं आणि उग्र वासाचं चीज, ही तिथल्या ओज भागाची ओळख. लिवारो हे चीजच्या नावाने जगाला माहीत असलेलं बाजाराचं गाव. १ जानेवारी २०१६ रोजी ते आणि आसपासची गावं, एकूण २२, एकत्र येऊन लिवारो-पेई-दोज ही कम्यून झाली. लोकसंख्या सगळी मिळून सहा-साडेसहा हजार. त्याच दिवशी त्याच जिल्ह्यात सूलव्र-आँ-बोकाज नावाने २० गावं एक झाली, आणि शेजारच्या सेन-मारितीम जिल्ह्यात पती-को नावाने १८.

लिवारोच्या दक्षिणेला चार छोट्या गावांनी वेगळा मार्ग धरला. सेंट-फ्वा-द-माँगोमरी, सँ-झेर्मँ-द-माँगोमरी, ला ब्रेव्हिएर आणि ला शापेल-ओत-ग्र्यू. त्यांनी लिवारोत न जाता आपसांत मिळून व्हाल-द-व्ही ही कम्यून केली. व्ही ही तिथली नदी. सेंट-फ्वा-द-माँगोमरी हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १७ जुलै १९४४ रोजी त्या गावाजवळच्या रस्त्यावर दोस्तांच्या विमानांनी जर्मन सेनापती रोमेलच्या मोटारीवर हल्ला केला आणि तो गंभीर जखमी झाला. ज्या माँगोमरी आडनावाच्या ब्रिटिश सेनापतीशी तो लढत होता त्याच नावाच्या गावाजवळ हे घडलं, म्हणून इतिहासाची पुस्तकं हा तपशील आवर्जून देतात. आता ते गाव प्रशासकीय नकाशावर दुय्यम आहे. मुख्य नाव नदीचं.

नाव हा विषय हळवा आहे आणि तो हळवाच असायला हवा असं मला वाटतं. चार गावं एक होतात तेव्हा कुणा एकाचं नाव ठेवलं तर बाकीची तीन दुखावतात, म्हणून बहुतेक जण नदी, दरी, टेकडी किंवा प्रांताचं नाव घेतात. तडजोड समजण्यासारखी आहे. पण शंभर वर्षांनंतर व्हाल-द-व्ही अशी पाटी वाचणाऱ्याला तिथल्या लोकांचा काही पत्ता लागेल का, हा प्रश्न उरतोच. जवळजवळ प्रत्येक फ्रेंच खेड्याच्या चौकात १९१४ ते १९१८ च्या युद्धात मेलेल्या गावकऱ्यांची नावं कोरलेला स्तंभ असतो. ती नावं त्या कम्यूनची म्हणून कोरलेली आहेत. कायद्याने जुन्या कम्यूनला 'कम्यून देलेगे' म्हणून ठेवण्याची सोय केली ती या जाणिवेतूनच. तिला आपला मेअर-देलेगे असतो, जुनी मेअरी शाखा म्हणून चालू राहते, लग्न आणि जन्माची नोंद तिथेच करता येते. रस्त्याच्या पाटीवर जुनं नाव वर आणि नवं खाली, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला लागणाऱ्या ५०० लोकप्रतिनिधींच्या शिफारशींमध्ये मेअर-देलेगेची सहीही चालते. हे छोटं वाटेल, पण सहीचा हक्क राखला म्हणजे ते पद नुसतं शोभेचं राहत नाही.

पत्त्याची भानगड मात्र रोजची आहे. प्रत्येक खेड्यात चर्चची गल्ली असते, मेअरीची गल्ली असते, आणि बहुधा एखादी शाळेची. वीस गावं एक झाली की एका कम्यूनमध्ये वीस चर्चच्या गल्ल्या. रुग्णवाहिकेला कुठल्या गल्लीत जायचं हे कळायला हवं, फायबरची जोडणी देणाऱ्यालाही. त्यातच फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने दोन हजारांखालच्या कम्यूननाही रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर देणं बंधनकारक केलं. आधी ते मोठ्यांपुरतं होतं. त्यामुळे विलीन झालेल्या गावांत परिषदा महिनोन् महिने गल्ल्यांची नावं बदलत बसल्या. पिढ्यान् पिढ्या एकाच गल्लीत राहणाऱ्याला एक दिवस पत्र येतं की तुमचा पत्ता बदलला आहे. ओळखपत्र, बँक, विमा, सगळीकडे नवा पत्ता कळवायचा. विलीनीकरणाचा पहिला अनुभव बऱ्याच लोकांना असा आला.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल परिषदेच्या खुर्च्यांचा आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. १०० ते ४९९ लोकसंख्येच्या कम्यूनची परिषद ११ जणांची असते. अशी वीस गावं घ्या, २२० सदस्य झाले. विलीन झाल्यावर संक्रमणाच्या काळात सगळे बसू शकतात. पण टप्प्याटप्प्याने संख्या कमी होत जाते आणि पाच ते दहा हजार लोकसंख्येच्या कम्यूनला शेवटी मिळतात २९. म्हणजे सुमारे १९० माणसं हळूहळू कारभारातून बाहेर पडतात. सरकारी हिशोबात ही बचत. पण हीच माणसं बर्फ काढत होती, सभागृहाची किल्ली सांभाळत होती, नाल्यात झाड पडलं की करवत घेऊन जात होती. त्यांनी ते सदस्य म्हणून केलं. सदस्यत्व गेलं की करत राहतील असं गृहीत धरता येत नाही. कुठे कुठे करतातही. कुठे नव्या कम्यूनला पगारी कर्मचारी नेमावे लागतात, आणि मग बचत कुठे गेली हे ज्याचं त्याने बघावं.

निवडणुकीची पद्धतही बदलली. एक हजाराच्या आतल्या कम्यूनमध्ये मतदार यादीतली नावं खोडून, दुसरी लिहून मत देऊ शकत होता, मत व्यक्तीला. एक हजार ओलांडलं की पक्क्या याद्या, स्त्री-पुरुष आलटून पालटून, आणि मत पूर्ण यादीला. विलीन झालेली बहुतेक खेडी अशी एका फटक्यात यादीच्या पद्धतीत गेली. स्त्रियांची संख्या परिषदांत वाढली, हे नक्कीच चांगलं झालं. मात्र छोट्या गावाला आपला माणूस यादीत वरच्या जागी घालून घेण्यासाठी मोठ्या गावाशी घासाघीस करावी लागली. २१ मे २०२५ च्या कायद्याने आता सगळ्याच कम्यूनना यादीची पद्धत लागू केली, त्यामुळे हा फरक यापुढे राहणार नाही.

विलीनीकरणाने पैसा वाचतो का? या प्रश्नाचं सगळ्यात कसून उत्तर डेन्मार्कमधून आलं, कारण तिथे २००७ मध्ये एकदम, हुकमाने आणि देशभर विलीनीकरण झालं आणि आधी-नंतरची तुलना करता आली. येन्स ब्लोम-हान्सेन आणि सहकाऱ्यांनी खर्चाच्या एकेका खात्याची पाहणी केली. प्रशासन आणि रस्त्यांवर खर्च कमी झाला, पण इतर काही कामांवर तो वाढला, आणि एकूण बेरजेत ठोस बचत दिसली नाही. त्याच सुधारणेवर डेव्हिड ड्रायर लासेन आणि सोरेन सेरित्सलेव्ह यांनी केलेल्या अभ्यासात निघालं की आकार वाढला तशी नागरिकांची 'आपण स्थानिक राजकारण समजू शकतो, त्यात भाग घेऊ शकतो' ही भावना घटली. फ्रान्समध्ये परिस्थिती वेगळी आहे. तिथे विलीनीकरण ऐच्छिक आहे आणि गावं फार छोटी आहेत, त्यामुळे डॅनिश निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण 'एकत्र या, पैसे वाचतील' असं प्रत्येक प्रीफेने सांगताना ज्या खात्रीने सांगितलं, त्या खात्रीला आधार नाही, एवढं तर म्हणता येतं.

जे विलीनीकरण यशस्वी झालं ते पैशामुळे नव्हे, माणसांमुळे झालं असं माझं मत आहे. २०२० च्या निवडणुकीत शंभराहून अधिक कम्यूनमध्ये एकही उमेदवार उभा राहिला नाही. मेअरचं काम वर्षागणिक अवघड होत गेलं आहे. नियम वाढले, कोर्टाची भीती वाढली, लोकांचा राग मेअरीच्या दाराशी येतो. जिथे चार गावांत मिळून मेअर व्हायला एकच माणूस तयार आहे, तिथे त्या चार गावांनी एकत्र येण्यात काहीही गैर नाही. मोठ्या कम्यूनला पूर्णवेळ सचिव, एक अभियंता, बांधकाम परवानग्या बघणारा कुणी ठेवता येतो. सचिवाच्या पदाचं महत्त्व सरकारलाही उशिरा का होईना कळलं; ३० डिसेंबर २०२३ च्या कायद्याने ते काम नव्या नावाने आणि जास्त दर्जाने मांडलं गेलं. ज्यांनी शेजाऱ्यांशी आधी दहा-दहा वर्षं शाळा, अग्निशमन, पाणी वाटून घेतलं होतं त्यांची सोयरीक टिकली. जे अनुदानाची मुदत बघून घाईने एकत्र आले त्यांचं बिनसलं.

बिनसल्याची उदाहरणं ठळक आहेत. रुआँ शहराला लागून असलेली ब्वा-गियोम आणि बिओरेल ही दोन गावं २०१२ च्या सुरुवातीला एक झाली. विरोध झाला, प्रकरण प्रशासकीय न्यायालयात गेलं, विलीनीकरण रद्द ठरलं आणि २०१४ च्या पहिल्या दिवशी दोन्ही पुन्हा वेगळी झाली. काल्व्हादोसमध्ये त्रोआर्न आणि सानरव्हिल यांनी २०१७ मध्ये सालीन नावाची कम्यून केली. न्यायालयाच्या निर्णयाने तीही मोडली आणि २०१९ च्या अखेरीस दोन गावं परत आली. दोन्ही ठिकाणी वाद पैशाचा नव्हता. 'आम्हाला विचारलं का?' हा होता.

आणि तो प्रश्न कायद्याच्या मुळाशीच आहे. सगळ्या परिषदांनी एकमुखाने ठराव केला तर नवी कम्यून करायला गावकऱ्यांचं मतदान घ्यावं लागत नाही. दोन तृतीयांश परिषदा आणि दोन तृतीयांश लोकसंख्या बाजूने असेल, पण एखादी परिषद विरोधात असेल, तरच मतदान सक्तीचं. म्हणजे सहा वर्षांसाठी निवडून आलेले अकरा जण, ज्यांनी निवडणुकीत विलीनीकरणाचा शब्दही काढला नसेल, दोनशे तीस वर्षांचं गाव संपवण्याचा ठराव एका संध्याकाळी करू शकतात. शेजारी स्वित्झर्लंडमध्ये ग्लारूस परगण्याने २००६ मध्ये २५ कम्यूनची तीन करायचं ठरवलं ते भर चौकातल्या जनसभेत, नागरिकांनी हात वर करून. २०११ पासून तो निर्णय अमलात आहे. विलीनीकरण एवढं मोठं होतं की सगळ्यांना धक्का बसला, पण ते कुणी लादलं असं कुणालाच म्हणता आलं नाही. आपल्याकडे ग्रामसभा आहे. ती कुठे कशी चालते हा वेगळा विषय, पण गावाचा मोठा प्रश्न गावासमोर यावा हे तत्त्व कायद्यात आहे. फ्रान्ससारख्या देशात ते नसणं मला खटकतं.

विलीनीकरणाच्या बाजूने बोलणारे एक उत्तर देतात, आणि ते ऐकून घ्यायला हवं. ते म्हणतात, लोकांना विचारलं तर ते नेहमीच नाही म्हणतील. पण ग्लारूस तसं सांगत नाही. लोकांना नीट सांगितलं, काय राहील आणि काय जाईल हे लिहून दिलं, तर लोक होही म्हणतात. सांगायची तयारी नसते म्हणून विचारलं जात नाही.

एक गोष्ट मात्र विलीनीकरणाच्या माथी मारली जाते जी त्याची नाही. गावातलं पोस्ट बंद झालं, कराची कचेरी तालुक्याला गेली, वर्ग बंद झाला, रेल्वे थांबत नाही, हे सगळं राज्याने केलं, आणि ते विलीन न झालेल्या गावांतही केलं. २०१८ च्या हिवाळ्यात पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकांत उतरले त्यामागे ही भावनाही होती. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी १५ जानेवारी २०१९ रोजी आपली राष्ट्रीय चर्चा सुरू केली ती नॉर्मंडीतल्या ग्राँ-बूरतरूल्द इथे, सुमारे सहाशे मेअरांसमोर. ग्राँ-बूरतरूल्द हीसुद्धा २०१६ मध्ये तीन गावं मिळून झालेली नवी कम्यून. गावातल्या लोकांनी तक्रारींच्या वह्या भरल्या त्या मेअरीतच, कारण राज्याचं दार म्हणून त्यांना तेवढंच माहीत होतं. ज्या राज्याने आपली बाकीची दारं एकेक करून बंद केली, त्याने हे शेवटचं दार लांब नेण्याला प्रोत्साहन देताना दहादा विचार करायला हवा होता.

म्हणून माझा कौल असा. एकत्र येणं वाईट नाही आणि पस्तीस हजार हा आकडाही पवित्र नाही. ज्या गावांना माणसं मिळत नाहीत, जी शेजाऱ्यांबरोबर आधीच एकत्र काम करतात, त्यांनी जरूर एक व्हावं. पण कायद्यात दोन दुरुस्त्या व्हायलाच हव्यात. पहिली, परिषदा एकमुखी असल्या तरी प्रत्येक जुन्या गावात मतदान सक्तीचं असावं आणि एका गावाने नाही म्हटलं तर त्याला बाहेर राहता यावं. दुसरी, मेअर-देलेगेचं पद आणि जुनी मेअरी तिथल्या गावकऱ्यांच्या मताशिवाय बंद करता येऊ नये. एकदा शाखेचं दार बंद झालं की ते उघडायला पुन्हा कुणाला वेळ नसतो. आणि तीन वर्षांच्या अनुदानाच्या हमीपेक्षा या दोन हमी जास्त टिकतील. त्यांचा खर्चही फारसा नाही.